म, ब आणि प

फायनल रविवारी दुपारी तीनला होती आणि रामदास परब सकाळपासून पाच वेळा साबणाने हात धुऊन आला होता. सहाव्यांदा मोरीकडे वळला तेव्हा त्याची बायको कमल म्हणाली, "अहो, कातडं निघेल आता." बोलून गेली आणि तिनेच आपले हात पदराखाली घेतले. गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षापासून ती शिवडीच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जात होती आणि कातडं तिच्याच बोटांचं निघालेलं होतं. रामदासने ते पाहिलं, आणि हात धुवायचे राहू दिले.

गिरणी बंद पडून दीड वर्ष होऊन गेलं होतं. लालबागच्या त्या चाळीत कॅरमची स्पर्धा दरवर्षी व्हायची, विजेत्याला ढाल, उपविजेत्याला थर्मास, टाळ्या आणि चहा, संपलं. पण यंदा गोष्ट वेगळी होती. ठाण्याकडच्या एका रंगाच्या कारखान्याला कंपन्यांच्या सामन्यांसाठी एक कॅरमपटू हवा होता. कारखान्याचा साहेब स्वतः फायनल बघायला येणार होता, आणि जिंकेल त्याला कायमची नोकरी. जागा एकच. रामदास हरला तर खोली सोडून गावाला जायचं हे नवरा-बायकोचं ठरलेलं होतं, आणि गावाला जायचं म्हणजे म्हाताऱ्या बापाच्या तोंडासमोर बसायचं. त्यापेक्षा समुद्र बरा, असं रामदासला वाटायचं.

कारण बाप काय म्हणणार ते त्याला तोंडपाठ होतं. कणकवलीकडच्या त्याच्या गावात त्यांच्या घरासमोर साटमांचं घर. साटमांची आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं, देवाची नजर पडू नये. देवाची पडली नाही, पण रामदासच्या बापाची पडली. दगडू रामदासच्याच वयाचा, पाढ्यांत पुढे, पोहण्यात पुढे, फणसावर चढण्यात पुढे. आणि बापाचं उठता-बसता एकच: "तो साटमांचो दगडू बघ, आणि तू बघ." पानावर बसलं की हे, अंथरुणावर पडलं की हे. अहो, एवढंसं पोर, ऐकून ऐकून त्याचं होणार काय? रामदास इरेला पेटला तो पेटलाच. चाळीच्या नळावर हंडा याचा आधी भरला पाहिजे, जिन्यात पुढे कोणी असेल तर त्याला ओलांडून वर पोचलं पाहिजे. बारशाला गेला तरी शेजारच्यापेक्षा एक लाडू जास्त. कमल कपाळाला हात लावायची. तिथे कोणी बक्षीस ठेवलंय का, म्हणून विचारायची. आता त्या बिचारीला काय सांगणार, की समोर शेजारी नसतोच, समोर नेहमी दगडूच असतो?

आणि त्या रविवारी तर खरोखरच होता. फायनलला रामदास परबाच्या समोर दगडू साटम होता. आता बोला.

दोघे एकाच दिवशी मुंबईला आले, एकाच गिरणीत साचेखात्यात लागले, आणि नशिबाचा खेळ असा की साचेही शेजारी-शेजारी मिळाले. साचे म्हणजे कापड विणायचे माग. एका छपराखाली सातशे-आठशे साचे धडाडत असले की तोंडाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून साचेवाले आवाजच काढत नसत. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने वाचायचं. आठ-आठ तास अशा गप्पा चालायच्या, शिव्यासुद्धा. एकच पंचाईत होती. म, ब आणि प ओठांवर सारखेच दिसतात, फ धरला तर तोही. एकदा गावाहून तार आली म्हणून एकजण शेजारच्याला म्हणाला, बाप गेला. त्याने वाचलं, माप गेलं. आणि तो भला माणूस कापड मोजायची पट्टी शोधत साच्याखाली शिरला. तेव्हापासून खुणा आल्या. बाप म्हणायचं तर ओठावर बोट फिरवून मिशी दाखवायची. माफ कर म्हणायचं तर कानाची पाळी धरायची. पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे. रामदासच्या अंगात ही बोली इतकी मुरली होती की घरीसुद्धा मनात काही आलं की ओठ हलायचे, आवाज नाही. कमल वैतागायची.

शेजारी साचे, मग काय विचारता. आज दगडूने जास्त कापड काढलं की उद्या रामदास डबा अर्धा टाकून उठणार. उद्या रामदासने काढलं की परवा दगडू. दोघांची जिद्द, आणि मजा कोणाला? तर खात्यावरच्या मास्तरला. तो बाकीच्यांना यांचे आकडे दाखवायचा, हे दोघे काढतात तर तुमच्या हाताला काय झालंय म्हणायचा. बघता बघता सगळ्या खात्याचं रोजचं काम वाढलं. लोक या दोघांना शिव्या घालायला लागले. रामदासला ते कळत होतं. पण थांबायचं तर आधी दगडूने थांबावं, आणि दगडूचंही बहुधा तेच.

संपाच्या आधीच्या नोव्हेंबरात मास्तरने जाहीर केलं, महिन्यात ज्याचं सर्वांत जास्त बिनडागाचं कापड निघेल त्याला जॉबर करू. जॉबर म्हणजे साचे सांभाळणाऱ्या सगळ्यांच्या वरचा. शेवटच्या आठवड्यात दगडू पुढे होता. आणि रामदासने ती गोष्ट केली. कोणी सांगितली नव्हती, कोणी शिकवली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत दगडू हात धुवायला गेला, आणि याने त्याचा धोटा उचलून तिथे दुसरा ठेवला. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन उभ्या सुतातून इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा. दगडू आपला धोटा घासून-पुसून लोण्यासारखा ठेवायचा. याने ठेवलेल्याच्या टोकाला ढलपी निघालेली होती. सुट्टी संपली, साचा सुरू झाला, आणि त्या ढलपीने हात-दीड हात रुंदीचं उभं सूत कचाकच तोडून टाकलं.

दगडूने साचा थांबवला. धोटा हातात घेऊन उलटा-पालटा केला. स्वतःच्या धोट्यावर त्याने तापल्या तारेने एक ठिपका डागून ठेवला होता, तो शोधत होता. ठिपका नव्हता. मग त्याने मान वर करून रामदासकडे पाहिलं आणि ओठांनी एकच अक्षर विचारलं. तू? रामदास खाली वाकला आणि न तुटलेला धागा जोडत बसला.

दगडूचे साचे गेले. त्याला बदलीवाल्यांच्या रांगेत टाकलं, रोज सकाळी गेटावर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम. रामदास जॉबर झाला. दीड महिना! अठरा जानेवारीला संप सुरू झाला आणि गिरणीबरोबर जॉबरकीही गेली. एवढ्यासाठी केलं सगळं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. रामदासला शरम वाटायची का? वाटायची. पण शरमेच्या खाली आणखी एक जण बसलेला असायचा आणि तो म्हणायचा, त्या महिन्यात तू पुढे होतास हे तर खरं.

तीन वाजता व्यायामशाळेत मुंगी शिरायला जागा नव्हती. डंबेल्स भिंतीकडे सारून मधोमध बोर्ड मांडला होता, वर दोनशेचा दिवा टांगला होता. पावसाळी हवेने बोर्ड दमट झाला होता, म्हणून पंच असलेले अप्पा, चाळीतले सर्वांत जुने कॅरमवाले, मिनिटा-मिनिटाला पावडर टाकून तळव्याने फिरवत होते. साहेब पुढच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर फाईल. कमल दाराशी बायकांत उभी होती. तिकडे बघायचं नाही असं रामदासने ठरवलं होतं.

दगडू आला, बसला. कॉटन ग्रीनच्या गोदामात तो हमाली करत होता, खांद्याला गाठ आली होती. रामदासला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर दगडूची बोटं. गोण्या उचलून उचलून ती जाड झाली होती. स्ट्रायकर अशा बोटांना ऐकणार नाही, असं त्याला वाटलं, आणि बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

कुठलं काय. पहिला गेम दगडूने असा घेतला की रामदासला धड बसताही आलं नाही. जाड बोटांतून स्ट्रायकर सुटत होता तो सरळ सोंगटीच्या मर्मावर. दगडूच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, हसू नाही. फक्त प्रत्येक फटक्याआधी तो मान वर करून रामदासकडे एकदा बघायचा. तसंच, त्या दिवशी धोटा हातात घेऊन पाहिलं होतं तसंच. तो बघ आणि तू बघ, रामदासच्या कानात सुरू झालं. पण तेच कानात सुरू झालं की याचा हात चालायचा, जन्मभराची सवय. दुसरा गेम त्याने दात-ओठ खाऊन ओढला.

तिसऱ्या गेमला दोघे चोवीस-चोवीसवर आले. आता एक बोर्ड, जो घेईल त्याचा सामना. लोकांनी बिड्या विझवल्या. राणी रामदासने घेतली, झाकलीसुद्धा. त्याची एकच काळी उरली, दगडूच्या दोन पांढऱ्या. रामदासची काळी मधल्या रेषेजवळ होती, जमण्यासारखी होती. त्याने नेम धरला आणि नेमकी त्याच क्षणी त्याची नजर साहेबाच्या फाईलवर गेली. काळी भोकाच्या ओठावरून फिरली आणि बाहेर येऊन थांबली. दाराशी कोण्या बाईच्या तोंडून हाय निघाली. ती कमल नसावी अशी त्याने देवाजवळ प्रार्थना केली.

दगडूने पहिली पांढरी सहज घातली. दुसरी भोकापासून दोन बोटांवर होती, सरळ रेषेत, मध्ये काही नाही. शाळेतल्या पोराने घातली असती. खेळ संपला होता. रामदासला खोली दिसली, बांधलेलं सामान दिसलं, ओसरीवर बसलेला बाप दिसला. सवयीने त्याचे ओठ हलले, आवाज नाही. बाप रे. कानामागून घामाचा ओघळ आला तो त्याने दोन बोटांनी कानाची पाळी धरून पुसला.

दगडूने फटक्याआधी मान वर केली होती. तो बघतच राहिला. दरवेळेपेक्षा जास्त वेळ, इतका की अप्पा खाकरले. मग त्याने मान खाली घातली आणि स्ट्रायकर मारला. पांढरी भोकाच्या कोपऱ्यावर आपटली आणि मागे आली.

सगळ्या व्यायामशाळेने एकदम श्वास सोडला. रामदासला पुढचं नीट आठवत नाही. काळी गेली एवढं खरं. लोकांनी त्याला उचललं, साहेबाने फाईल उघडली, कमल रडायला लागली. त्या गर्दीतून दगडू जवळ आला आणि त्याने रामदासचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. चांगला दाबला. थर्मास घ्यायचं विसरून तो निघून गेला आणि अप्पांना त्याच्यामागे जिन्यापर्यंत धावावं लागलं.

हरलेला माणूस असा हात दाबत नाही. रामदासला तिथल्या तिथे ते खटकलं आणि मग पंचवीस वर्षं खटकत राहिलं.

नोकरी चांगली होती. पगार वेळेवर, वर्षाला दोन सामने, ढाली आणून कमलने कपाटावर रांगेने लावल्या. पण प्रत्येक ढाल घरी आली की याला ती दोन बोटांवरची पांढरी दिसायची. दगडू चुकला? गोण्यांनी जड झालेला हात, शेवटचा फटका, चुकलाही असेल. की सोडलं त्याने? सोडलं असेल तर मी जिंकलो कुठे? मग हा पगार कसला, ही भीक झाली. कमलला एकदा सांगून पाहिलं. तिने भांडी घासता घासता उत्तर दिलं, भाकरी खाल्ली ना पंचवीस वर्षं, ती खोटी होती का? तिचं बरोबर होतं. पण रामदासचा जीव तिथेच टांगलेला राहिला. दगडूला जाऊन विचारायचं म्हटलं की तो धोटा आडवा यायचा. शिवडीला दगडू राहतो म्हणून रामदास शिवडीला जातच नसे.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात हार-तुरे झाले. नव्या साहेबाने भाषणात सांगितलं, परबांनी आपली नोकरी मागून नाही, जिंकून घेतली. टाळ्या पडल्या. रामदासला तो हार गळ्यात काचायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, दाढी केली, आणि कमलला म्हणाला, दगडूकडे जाऊन येतो.

दगडू शिवडीला भेटला नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, तो वॉचमन आहे, तुमच्याच जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर होतोय तिथे. आणि खरंच, जिथे गेट होतं, जिथे बदलीवाले उभे राहायचे, तिथेच निळ्या शर्टात, प्लास्टिकच्या खुर्चीवर दगडू बसला होता. पत्र्याच्या कुंपणाआड जमिनीत खांब ठोकायचं मशीन चाललं होतं. धाड, धाड, दातांत कळ जाईल असा आवाज. दगडूने रामदासला पाहिलं, उठला, आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली. जणू काल रात्रीच वेगळे झाले होते.

रामदास बोलायला गेला तर स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येईना. मग आपोआप झालं. दोघांचे ओठ पुन्हा त्या जुन्या बोलीवर आले, मुलंबाळं, गाव, कोण गेलं, कोण उरलं. दगडूच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो मान तिरकी करून वाचत होता. शेवटी रामदासने मनाचा हिय्या केला.

"खरा सांग. त्या दिवशी चुकलंस, काय सोडलंस?"

दगडूने खुर्ची जवळ ओढली.

"चुकूक नाय. सोडूक पण नाय," त्याने ओठांनी सांगितलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा. "माका तुका हरवूचा होता. नोकरीसाठी नाय, नोकरीक काय, हमाली होती माझी. त्या धोट्यासाठी हरवूचा होता. दोन वर्षां त्याच्यावर जगलंय. आणि तू ऐन टायमाक माफी मागितलंस. मगे मारू कित्याक? हातच ढिलो पडलो."

रामदासला आधी कळेचना. कधी मागितली? मग दगडूने आपली बोटं कानाच्या पाळीकडे नेली. घामाचा ओघळ. बाप रे. म, ब आणि प. या माणसाने त्याच्या ओठांवर माफ कर वाचलं होतं. दोन वर्षांचं वैर त्याने एका घामाच्या ओघळावर सोडून दिलं होतं, नोकरी सोडून दिली होती, आणि पंचवीस वर्षं तो त्या माफीवर खूश होता. इतका की हा समोर आला तर खुर्ची आणून दिली.

खरं सांगावं? माफी नव्हती रे, भीती होती, असं सांगावं? रामदासच्या जिभेवर आलंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर हरला असता, आणि हरायला तो तयारही होता. पण त्या सांगण्याने दगडूचं काय होईल? याच्याजवळ आणखी आहे काय? एक निळा शर्ट, एक खुर्ची आणि ती माफी. तीही काढून घ्यायची? एकदा धोटा उचलला होता, आता ही उचलायची?

मशीन धाडधाडत होतं. रामदासने मान वर केली आणि ओठांनी म्हणाला, माफ कर.

दगडूने चांगला डोळा बारीक केला आणि त्याला हसू फुटलं. "बाप रे? ह्या मशीनाक घाबरलंस?"

रामदास खुर्चीवरून उठला. रस्त्याने माणसं जात होती, मुकादम फाटकातून बघत होता. अठ्ठावन्न वर्षांच्या रामदासने दोन्ही हात वर केले आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे आपले दोन्ही कान धरले. ओठ पुन्हा तेच म्हणाले.

दगडूचं हसू हळूहळू गेलं. तो गोंधळला. त्याने रामदासचं मनगट धरून हात खाली ओढायला पाहिलं. नेमकं तेव्हाच मशीन थांबलं, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत दगडू पहिल्यांदाच आवाज काढून बोलला, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात.

"आता परत कित्याक? एकदा मागितलंस ना, ती पुरे."

रामदासने कान सोडले नाहीत.